तत्त्वतः हो

माझी वहिनी माझ्या दादाला पहिल्यांदा भेटली ती डोळे तपासून घ्यायला. दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. तो नेहमीप्रमाणे एकामागून एक काचा बदलत विचारत होता, "ही बरी दिसते, की ही?" आणि खुर्चीतली ही बाई अत्यंत गंभीरपणे म्हणाली, "दोन्हींचे आपापले फायदे आहेत." दादाने काच बदलली. "आता?" "ते तुमच्या प्राधान्यांवर अवलंबून आहे." दुकान बंद करायची वेळ झाली तरी नंबर काही ठरेना. शेवटी दादाने शटर ओढलं आणि दोघं समोरच्या हॉटेलात गेली. तिथे चहा की कॉफी या प्रश्नावर बरीच चर्चा झाली असणार, कारण दादा घरी आला तो प्रेमात आकंठ बुडूनच.

काही महिन्यांनी त्याने लग्नाचं विचारलं. उत्तर मिळालं, "तत्त्वतः हो."

"म्हणजे काय रे?" आईने विचारलं.

"म्हणजे हो," दादा म्हणाला. मग थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बहुतेक."

मी दातांची डॉक्टर आहे. माझ्या खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलेला असतो आणि त्याच्याकडून मला दोनच उत्तरं हवी असतात, दुखतंय किंवा नाही. तिसरं उत्तर देणाऱ्याची मला चीड येते. त्यामुळे या वहिनीबरोबरचं पहिलं वर्ष मी अक्षरशः दातओठ खाऊन काढलं, जे माझ्या धंद्याला शोभत नाही. बाई गोड, कामसू, हसरी. पण "खिडकी उघडू का?" असं विचारलं की हिने आधी वाऱ्याची बाजू सांगायची, मग धुळीची, मग आवाजाची, आणि तोवर माझा जीव गुदमरून मी खिडकी उघडलेली असायची.

दोष तिचा नव्हता. ती एका मोठ्या सल्लागार कंपनीत होती. काचेची उंच इमारत, पाय बुडेल असा गालिचा, आणि सगळे हळू आवाजात बोलणारे. मोठमोठ्या कंपन्या यांना विचारायच्या की आम्ही काय करावं, आणि हे लोक काय करावं ते कधीच सांगायचे नाहीत. तीन पर्याय मांडायचे. प्रत्येक पर्यायाला रंगीत चौकोन, चौकोनाला बाण, बाणाखाली बारीक अक्षरात अटी. तिच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं होतं, "आपण सल्ला देतो, शब्द देत नाही." ती हुशार मुलगी, तिने ते इतकं मनावर घेतलं की सुट्टीत डोंगरावर जायचं की समुद्रावर, यासाठीसुद्धा घरात स्लाइड झाल्या. फ्रिजच्या पांढऱ्या दारावर प्रोजेक्टर लावून. आई शेवटपर्यंत बसली आणि मग म्हणाली, "सूनबाई, नमनाला घडाभर तेल झालं. आता नाटक सुरू कर." सुट्टी संपली तेव्हा आम्ही सगळे घरीच होतो.

मग ते तळ्याचं काम आलं.

शहराला पाणी पुरवणारं मोठं तळं आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. पाणी वर चढवायला तिथे डिझेलचे पंप होते, दिवसभर धूर ओकणारे आणि खोकणारे. पाणीपुरवठ्याच्या मुख्य इंजिनिअरने वहिनीच्या कंपनीला विचारलं, तळ्यावर तरंगते सौर पॅनल लावले आणि त्यावर पंप चालवले तर जमेल का? वहिनी अख्खा उन्हाळा त्या तळ्यावर होती. पाणी किती खाली जातं, वारा कुठून येतो, पक्षी कुठे बसतात, पॅनलवर काय करतात आणि किती करतात, सगळं तिने मोजलं. टोपी घालूनही नाक भाजून घेतलं. शेवटी अहवाल सादर झाला. इंजिनिअरने तो पूर्ण वाचला होता, हे विशेष. तो म्हणाला, "बाई, सगळं समजलं. आता एवढंच सांगा, लावू की नको?"

आणि वहिनी म्हणाली, "ते तुमची जोखीम घ्यायची तयारी किती, यावर अवलंबून आहे."

इंजिनिअर रागावला नाही. म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

त्या दिवशी ती घरी न जाता सरळ माझ्या दवाखान्यात आली आणि पेशंटच्या खुर्चीत आडवी झाली. मला वाटलं दाढ. मी दिवा ओढला, तर ही ढसाढसा रडायलाच लागली. "मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "लावा, डोळे मिटून लावा, हेच उत्तर होतं. मला शंभर टक्के माहीत होतं आणि तोंडातून शब्द फुटेना." मी तिला कापसाचे बोळे दिले, कारण जवळ तेच होते. आणि पहिल्यांदाच मला ती मनापासून आवडली. ही बाई गुळमुळीत नव्हती. तिच्या आत अगदी स्पष्ट 'हो' आणि स्पष्ट 'नाही' बसलेले होते, फक्त त्यांना बाहेर यायला दार नव्हतं.

महिन्याभरात तिने राजीनामा दिला. तरंगते पॅनल बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत साइटवर रुजू झाली. अगदी खालच्या पायरीवर. नव्या पगाराचा आकडा ऐकून दादाने पाणी मागितलं, प्यायला, आणि म्हणाला, "ठीक आहे, लोकांचे डोळे काही सुधारत नाहीत." असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे मी त्याची बहीण असूनही सांगते.

आणि काय सांगू, बाई बदलली! पहाटे उठून गात बाहेर पडायची. संध्याकाळी परत यायची ती काळवंडलेली, विस्कटलेली, बुटांतून पाणी निथळत, हेल्मेटवर पक्ष्यांचा प्रसाद घेऊन. जेवणाच्या टेबलावर खिशातून नट-बोल्ट काढून मांडायची आणि कुठल्याला गंज चढतो, कुठल्याला नाही, हे सांगताना तिचे डोळे असे चमकायचे की आई म्हणायची, "हिऱ्यांचा व्यापारी बरा, निदान ताटाजवळ ठेवत नाही." एकदा तिने आमच्या बाथरूमच्या बादलीत प्लास्टिकचा डबा तरंगत ठेवून त्याला चार बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि पाणी वाढलं की दोरी किती ढिली हवी ते मला दाखवलं. मी आंघोळीला गेले होते. अंगावर टॉवेल, आणि मी त्या डब्याकडे बघत टाळ्या वाजवतेय! वेडाची लागण होते ती अशी.

कंपनीच्या मालकाला सगळे घाईसाहेब म्हणत. हा वहिनीच्या अगदी उलट्या टोकाचा माणूस. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत 'हो' म्हणायचा. जमेल का? हो. कधीपर्यंत? हो. त्याच तळ्याच्या इंजिनिअरने त्याला विचारलं, "आमच्या तळ्यावर लावाल का?" तर हा 'आमच्या' या शब्दालाच हो म्हणाला. पण माणूस मेहनती. वर्षभरात तळ्यावर पॅनलचा मोठा तराफा उभा राहिला. साइटवरची माणसं वहिनीला 'सल्लाबाई' म्हणायची, आधी चेष्टेने, नंतर सवयीने. तिने विजेच्या जोडणीच्या परीक्षा दिल्या, सगळ्या पास झाली, आणि तराफा विजेच्या जाळ्याला जोडायची वेळ आली तेव्हा कायद्याने लागते ती 'जबाबदार व्यक्ती' म्हणून तिचंच नाव गेलं.

इथे घोड्याने पेंड खाल्ली.

जोडणीची रीत अशी असते. ठरलेल्या दिवशी नियंत्रण कक्षातून फोन येतो. तिकडचा माणूस विचारतो, तुमच्या बाजूने जोडणीला तयार आहात का, हो की नाही? फोनवर बोललेलं रेकॉर्ड होतं. जबाबदार व्यक्तीने एक शब्द बोलायचा. मग तिकडून वीज सोडतात, ती किनाऱ्यावरच्या मुख्य स्विचमधून पाण्यातल्या तारेने तराफ्यापर्यंत जाते आणि सगळं एकत्र चालू होतं. पुढचा प्रसंग घाईसाहेबांनी मला नंतर स्वतः नक्कल करून दाखवला. फोन वाजला. तिकडे एक बाई होत्या, इस्त्री केल्यासारखा सरळ आवाज. "जोडणीला तयार आहात? हो की नाही?"

वहिनीने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "तत्त्वतः हो. सध्याचं हवामान आणि उपलब्ध माहितीच्या मर्यादा लक्षात घेता..."

"उत्तर अस्पष्ट," आवाजबाई म्हणाल्या. "जोडणी रद्द. पुढची तारीख कळवू." आणि फोन बंद.

घाईसाहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून तळ्यात फेकलं. ते तरंगलं. मग त्यांना स्वतःलाच गुडघाभर पाण्यात जाऊन ते आणावं लागलं आणि परत येईपर्यंत राग निम्मा झाला होता, म्हणून वहिनीची नोकरी त्या दिवशी वाचली. पण त्यांनी साफ सांगितलं. पाणीपुरवठ्याशी झालेल्या करारात मुदत होती, त्याआधी आता एकच तारीख मिळण्यासारखी होती. ती हुकली तर तराफा सुटा करून न्यावा लागणार, डिझेलचे पंप खोकतच राहणार. "आणि सल्लाबाई, तराफ्याबरोबर तुम्हीही," ते म्हणाले.

वहिनी घरी आली, हकीकत सांगितली आणि म्हणाली, "मी पुन्हा तशीच बोलेन. मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाचं तरी नाव द्या म्हणून सांगते." आई उठली. माझी आई उठते तेव्हा काहीतरी होतं. "नाव तुझंच राहील," ती म्हणाली, "आणि या घरात आजपासून कुणी हिचं लांब उत्तर ऐकून घ्यायचं नाही."

ते दिवस म्हणजे काय मजा! आम्ही तिला उठता-बसता पकडायचो. बाहेर ऊन आहे? हो की नाही? भूक लागली? हो की नाही? तोंड उघडून "तसं बघायला गेलं तर" म्हणाली की दादा चमचा वाजवायचा. तीही हट्टाला पेटली होती. रात्रीचं जेवण झाल्यावर आईने विचारलं, "आज आमटी कशी झाली?"

"वैशिष्ट्यपूर्ण."

चमचा वाजला.

वहिनीने डोळे मिटले. "खारट."

आई तोंड फिरवून बसली. संध्याकाळचा चहा तिने दुसऱ्या दिवशी केला नाही. आणि मग मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, "खारटच होती गं. इतकी वर्षं सगळे छान छान म्हणत आलेत, मेले."

दादाने तर कमाल केली. त्याने तिला परत आपल्या दुकानातल्या त्या खुर्चीत बसवलं आणि पहिल्यापासून काचा बदलायला घेतल्या. ही की ही? ही. ही की ही? दुसरी. फटाफट. तेव्हा लक्षात आलं की बाईसाहेब लग्नाच्या आधीपासून चुकीच्या नंबरचा चष्मा लावून हिंडत होत्या! नवा चष्मा आला. तिने तो घालून दादाकडे नीट निरखून पाहिलं.

"मी आता बरा दिसतो की वाईट?" दादाने विचारलं.

ती थांबली. आम्ही सगळे थांबलो. "वाईट," ती म्हणाली, आणि आम्ही हसून हसून एवढे लोळलो की शेजारचे बघायला आले. दादाच सगळ्यात जास्त हसला. मग आरशात बघून आला आणि परत हसला.

शेवटच्या दिवशी आईने तिला समोर उभी करून पाठ घेतला. "तयार आहात?" "हो!" "तयार आहात?" "हो!" "मोठ्याने!" "हो!" मला म्हणाली, "झालं. आता झोपेतसुद्धा हो म्हणेल."

जोडणीच्या दिवशी आम्ही सगळे तळ्यावर गेलो. दवाखाना बंद, दुकान बंद, आई नवी चप्पल घालून. ऊन लख्ख पडलेलं. तराफा म्हणजे पाण्यावर अंथरलेलं भलंमोठं काळं अंगणच होतं, पॅनलच्या रांगांमधून माणूस चालेल एवढ्या वाटा. किनाऱ्यावर विजेची खोली, तिच्या दारात घाईसाहेब येरझारा घालताहेत, पाणीपुरवठ्याचा तो इंजिनिअर हाताची घडी घालून उभा, आणि वहिनी हेल्मेट घालून सगळं तपासतेय. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिथल्या एका अनोळखी माणसाला म्हणाले, "ती माझी वहिनी." तो म्हणाला, "माहिती आहे, तुम्ही मघाशीच सांगितलंत."

या धंद्यात कुलपांची एक रीत आहे. जो कुणी तारेला हात लावणार, तो आधी किनाऱ्यावरच्या मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पाच जण कामाला असतील तर पाच कुलपं. ज्याचं काम संपेल त्याने येऊन आपलं काढायचं. शेवटचं निघाल्याशिवाय स्विच हलत नाही, आणि दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही. वहिनीने हे मला पूर्वी सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्या घरच्या फ्रिजलाही असं काहीतरी हवं.

त्या दिवशी एकेक जण आला, आपलं कुलूप काढून गेला. एक राहिलं. निळं.

"हे पैलवानाचं," वहिनी म्हणाली. पैलवान म्हणजे त्यांचा वायरमन, दारातून तिरका येणारा माणूस. "तो कुठाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी तो तराफ्यावर विजेचा शेवटचा डबा तपासायला होडीतून गेला होता. होडीवाला जेवायला परत आला तेव्हा पैलवान म्हणाला होता, तू जा, मी पोहत येतो. तो नेहमीच पोहत यायचा. त्याला फोन लावला, उचलेना. कुणीतरी बघून आलं की त्याची मोटरसायकल जागेवर नाही.

"गेला घरी," घाईसाहेब म्हणाले. "कुलूप विसरला. कापा ते. कटर आणा." आणि फोन वाजला.

"जोडणीला तयार आहात?" स्पीकरवरून तो इस्त्रीचा आवाज आला. "हो की नाही?"

आम्ही जरा लांब उभे होतो, पण ऐकू येत होतं. आईने माझा हात घट्ट धरला आणि ओठांनीच म्हणाली, "हो. हो. हो."

घाईसाहेब खालच्या आवाजात पण भराभर बोलत होते. सल्लाबाई, गाडी नाहीये त्याची. तो घरी जेवून झोपला असेल. ही शेवटची तारीख आहे. अख्ख्या वर्षाचं काम आहे, ही सगळी पोरंबाळंवाली माणसं आहेत. मी सांगतो ना, मी मालक आहे, हो म्हणा. एकजण कटर घेऊन उभा राहिला होता. इंजिनिअर वहिनीकडे बघत होता.

"हो की नाही?" आवाजबाईंनी पुन्हा विचारलं.

मला वाटलं, आता येणार ते. तत्त्वतः. साधारणपणे. उपलब्ध माहितीनुसार.

"नाही," वहिनी म्हणाली.

एवढंच. मोठ्याने नाही, पण पाण्यापलीकडे ऐकू जाईल असं.

"अगं बाई गं," आई म्हणाली, "उलटंच शिकली!"

फोनवरचा आवाज म्हणाला, "नोंद केली. नाही. कारण?"

"आमचा एक माणूस कुठे आहे ते मला माहीत नाही."

घाईसाहेबांनी दोन्ही हात डोक्यावर मारले. तोंडाने काय म्हणाले ते मी लिहीत नाही, कारण नंतर त्यांनी माफी मागितली. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती स्विचपुढून हलली नाही. तिने होडीवाल्याला तराफ्याकडे पिटाळलं आणि दोघांना पैलवानाच्या घरी. दादा चष्मा पुसत बसला. त्याला भावना आवरता आल्या नाहीत की तो चष्मा पुसतो.

आईला जवळचं काही दिसत नाही. पेपर हात लांब करून वाचते आणि मुलाचं दुकान असून चष्मा लावत नाही. पण लांबचं तिला घारीसारखं दिसतं. ती डोळ्यांवर हात धरून तराफ्याकडे बघत होती, आणि एकदम म्हणाली, "तो तळवा कुणाचा?"

"कसला तळवा?"

"पायाचा! त्या टोकाला, दोन रांगांच्या मध्ये. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, माणूस झोपलाय तिथे!"

होडीवाल्याने वल्ह्याने तराफ्याच्या कडेला धाडधाड वाजवलं. पॅनलच्या काळ्या रांगांमधून आधी एक हात वर आला, मग दुसरा, आणि मग पैलवान सावकाश उठून उभा राहिला, उघडाबंब, आळोखेपिळोखे देत. किनाऱ्यावर असा हशा पिकला! शिट्ट्या, टाळ्या, कुणी टोप्या उडवल्या. पैलवानाला वाटलं जोडणी झाली, त्यानेही दोन्ही हात वर करून नमस्कार केला. मोटरसायकल त्याचा मेहुणा सकाळीच घेऊन गेला होता, आणि फोन त्या मोटरसायकलच्या डिकीत होता.

तो होडीतून उतरला, अजून हसत होता. "सावली छान होती, जरा पाठ टेकली," तो म्हणाला. "हवा यावी म्हणून डब्याचं झाकणही लावलं नव्हतं. उशाला घेतला होता डबा."

वहिनीने विचारलं, "कुठला डबा?"

"तोच की. तारांच्या जोडाचा."

पैलवान हसता हसता थांबला. मग त्याने कटर घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, मग निळ्या कुलपाकडे. घाईसाहेब तिथेच जमिनीवर बसले, चांगल्या पँटसकट.

वहिनीने त्याला आधी होडीतून परत पाठवून डब्याचं झाकण घट्ट बसवून घेतलं. कुलूप त्याचं, म्हणजे त्यानेच काढायचं. त्याने खिशातून किल्ली काढली, पण एवढ्या मोठ्या माणसाचा हात असा थरथरत होता की किल्ली भोकात जाईना. वहिनी पुढे झाली. तिने कुलूप दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, किल्लीला हात लावला नाही. त्याने दोनतीनदा प्रयत्न केला आणि ते उघडलं.

मला वाटलं होतं तारीख गेली. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. पण फोन अजून चालूच होता. "माणूस सापडला का?" आवाजबाईंनी विचारलं. इतका वेळ त्या लाइनवर थांबल्या होत्या.

"सापडला," वहिनी म्हणाली.

"जोडणीला तयार आहात? हो की नाही?"

"हो."

खोलीत खट्ट असा आवाज झाला. क्षणभर काहीच नाही. मग पंपघरातून एक हलकी घरघर सुरू झाली, तीही इतकी शांत की डिझेलच्या खोकल्याची सवय असलेले लोक बावचळून एकमेकांकडे बघायला लागले. पाणी चढायला लागलं होतं. मी नाचले. मी, दातांची डॉक्टर, भर दुपारी, त्या अनोळखी माणसाचे दोन्ही हात धरून. इंजिनिअर वहिनीपाशी आला आणि म्हणाला, "शेजारच्या तळ्यावरही लावायचा विचार आहे. लावू की नको?" ती म्हणाली, "लावा." त्याने मान डोलावली आणि पंप बघायला गेला.

परत येताना दादा गाडी चालवत होता, आई पुढे, आम्ही दोघी मागे. वहिनी आधी खुदखुदायला लागली. पैलवानाचा नमस्कार आठवून. मग मला आवरेना, मग दादालाही, त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. आणि हसता हसताच कधीतरी वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. "तो तिथे होता गं," एवढंच म्हणत होती. मी तिचं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. त्यावर पक्ष्यांचा प्रसाद होता, पण ते असू दे.

गाडी पुन्हा निघाली. मग आई मागे न वळता म्हणाली, "सूनबाई, एक विचारू? तो पैलवान खरंच घरी जाऊन झोपला असता, तर? तराफा गेला असता, तुझी नोकरी गेली असती, लोक हसले असते तुला. तरी नाहीच म्हणाली असतीस?"

"हो," वहिनी म्हणाली.

आम्ही तिघंही सवयीने थांबलो, आता तिचं 'पण' येईल म्हणून. चौक मागे पडला, आमची गल्ली आली, तरी ते आलं नाही.